इवायांची टर्बो

माझ्या इवायांइतका हवेवर भरवसा असलेला माणूस मी उभ्या आदिलाबाद जिल्ह्यात पाहिला नाही. इवाई म्हणजे व्याही; माझी थोरली लेक त्यांच्या घरी दिलेली, जैनथकडच्या गावात. जगात जे काही बिघडतं ते हवा कमी पडल्यानं बिघडतं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्या मतातून कोणी सुटत नसे. चूल धुपते, हवा कमी. भाकर फुगत नाही, हवा कमी. ज्वारीच्या कोठीत किडा पडला, हवा कमी. आमच्या सोयरिकीच्या बैठकीत मानपानावरून दोन्हीकडची माणसं तणतणायला लागली, तेव्हा हे शांतपणे उठले, ओसरीवरचा तरटाचा पडदा स्वतःच्या हातानं वर गुंडाळला आणि म्हणाले, "मानसं वाईट नाईत हो, अंदर हवा कोंडली हाये." खरंच वारं आलं आणि बैठक निवली. मी तेव्हाच मनात ठरवलं, पोरगी इथं द्यायची. सासरा येडा आहे, पण खिडक्या उघड्या ठेवणारा येडा आहे.

हवेनंतर त्यांचा भरवसा कानावर. लांब दांडीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक चालत्या इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. आतल्या कोणत्या भागाचं काय दुखतं ते त्यांना तिथून ऐकू येई. इंजिनापुरतं ठीक होतं. पण एकदा मी खोकत त्यांच्या घरी गेलो तर त्यांनी रामराम करायच्या आधी माझ्या पाठीला कान लावला. "इवाई, तुमचा डाव्या अंगचा व्हॉल्व कटकट करून राह्यला." मी पुढं आदिलाबादच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं सांगितलं, छातीत कफ झालाय, श्वासनळी सुजली. ते ऐकून इवाई एवढे खूष झाले की मी बरा झाल्याचंही त्यांना एवढं वाटलं नसेल. "मंग? हवाच झाली न शेवटी!"

या सगळ्याचं मूळ त्यांच्या ट्रकमध्ये होतं. त्यांच्या तरुणपणी घेतलेला तो जुना डिझेल ट्रक. त्याला ते ट्रक कधी म्हणत नसत, म्हातारी म्हणत. गावचा कापूस आदिलाबादच्या जिनिंगला न्यायचा, तिथून काही भाडं मिळालं तर खाली निजामाबादपर्यंत जायचं आणि येताना सिमेंट नाहीतर तांदूळ भरून आणायचा. येताना निर्मलचा घाट लागे. भरल्या गाडीनं तो घाट ज्यानं चढला त्यालाच तो ठाऊक. म्हातारी पहिल्या गेअरात कण्हत चढे. मागं गाड्यांची रांग लागे, हॉर्न वाजत, ड्रायव्हर लोक तेलुगूत काय काय बोलत. इवाई खिडकीतून हात काढून सगळ्यांना सांगत, "जरा दम धरा रे बाप्पा, तिले दमा हाये."

मग ते नवे ट्रक आले. तेव्हा तेलंगण वेगळं झालं नव्हतं, आम्ही आंध्रातच होतो. कपाळावर मोठ्या अक्षरात 'टर्बो' लिहिलेलं, आणि घाटात शिट्टी घालत असे जायचे जणू उतारच आहे. माझा जावई तेव्हा म्हातारी चालवायचा. तो एक दिवस घाटातून आला, जेवायला बसला आणि म्हणाला, "बा, आता विकू. भंगारवाला न्यायला तयार हाये. आपन नवीन घेऊ." इवायांनी ताट सरकवलं. त्या दिवशी मी तिथंच होतो. लेकीला भेटायला गेलो होतो आणि भलत्या वेळी पोचलो होतो.

संध्याकाळी ते मला पेनगंगेच्या अंगाला फिरायला घेऊन गेले. मग म्हणाले, "गाडी हाये म्हून मी सकाळी उठतो, इवाई. तेल पाह्यतो, पानी पाह्यतो. गाडी गेली त मले ओसरीवर नेऊन ठेवतीन. लोक येतीन, कसे काय बरे हाय न म्हनतीन, अन् जातीन." मी म्हटलं, "तिच्यात दम नाही, हीच पोराची तक्रार आहे ना? मग दम आणा." मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. ते मधेच थांबले. "टर्बो," ते म्हणाले. "बाहेरून बसवता येते."

परत येऊन त्यांनी पोराला बोलावलं आणि माझ्यासमोर शर्त मुकर्रर झाली. नवा कापूस घरात यायच्या आधी भरली म्हातारी निर्मलच्या घाटात कुठं न थांबता, पहिल्या गेअरात न येता वर चढली, तर ती घरात राहील. नाही चढली तर भंगारवाल्याला. पंच मी. मी शाळेत फार गेलो नाही, पण माझ्या तोंडून एकदा निघालेला शब्द मी आजवर गिळलेला नाही. दोघांनाही ते माहीत होतं.

टर्बो म्हणजे काय ते मला इवायांनीच समजावलं. गोगलगायीच्या शंखासारखी दोन शंखं, पाठीला पाठ लावून बसवलेली, मधून एकच दांडी. एका शंखातून इंजिनाचा धूर जातो, धुरानं त्यातलं चक्कर फिरतं. दांडी एकच, म्हणून दुसऱ्या शंखातलं चक्करही फिरतं आणि बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. म्हणजे जो धूर आपण फुकट सोडतो तोच कामाला लावायचा. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यभर ज्या हवेची बाजू घेऊन ते भांडले, ती कोंबायचं यंत्र कोणीतरी बनवून ठेवलं होतं आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

टर्बो पाहायला आम्ही नागपूरच्या भंगार बाजारात गेलो. पाहायला म्हणजे पोरगी पाहायला जातात तसंच. इवायांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आणि मला म्हणाले, "तुमी चला, चार मानसं पाह्यजे." आम्ही दोघंच होतो. दुकानात टर्बोंचा ढीग पडला होता. हे एकेक उचलत, चक्कर बोटानं फिरवत, कानाशी नेत, दांडी वर-खाली हलवून खुळखुळते का पाहत, तिच्या तोंडात बोट घालून तेल लागतं का पाहत. दुकानदार वैतागला. "चाचा, क्या देख रहे हो इतना?"

"खानदान," इवाई म्हणाले. "किस घर से आई है ये?"

दुकानदारानं एक भली मोठी पुढं केली. कोळशाच्या खाणीतल्या डंपरवरून काढलेली, म्हणाला. मला ती आवडली. मी म्हटलं घ्या, अंगापिंडानं चांगली आहे. इवायांनी मान हलवली. "मोठ्या घरची हाये. उशिरा उठंन." आणि मला समजावलं ते असं: मोठ्या टर्बोचं चक्कर जड. ते फिरायला धूर भरपूर लागतो. घाटात म्हातारी मुळातच हळू, धूर थोडा, मग ही उठायची केव्हा? घाट संपल्यावर. लहान टर्बो पहाटे उठते. सपाटीवर भरधाव पळताना तिला धाप लागेल, पण आपल्याला पळायचं कुठं आहे, चढायचं आहे. "आपल्या घरचं काम सकाळचं हाये इवाई. आपल्याले पहाटे उठनारीच पाह्यजे." माझी लेक पहाटे उठते की नाही, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. विचारायचं फार मनात होतं.

शेवटी एक लहान, सावळी, घट्ट दांडीची टर्बो पसंत पडली. बसच्या प्रवासात ती इवायांच्या मांडीवर होती. तिला ऊन लागतं म्हणून त्यांनी टोपी तिच्यावर घातली.

तिला बसवायला आदिलाबादहून वेल्डर आला. इंजिनातून तेलाची नळी तिच्यापर्यंत आणली, तिच्यातून परत खाली सोडली, धुराचा पाइप कापून जोडला. सगळं झालं, फक्त हवेचा पाइप लावायचा राहिला. तिचं तोंड आभाळाकडं उघडं होतं. आता कोणीही शहाणा माणूस पाइप लावून मोकळा झाला असता. पण इवाई अंगणात मधोमध उभे राहिले आणि घरात हाक मारली, "अजी, सून घरात आली. रिकाम्या ओटीनं ठेवता काय तिले?"

ईनबाई, म्हणजे माझ्या लेकीची सासू, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी घेऊन बाहेर आल्या. त्यांना या माणसाची सवय होती. "यंत्राची ओटी कोन भरते हो? अन् भरू कुठं? पदर कुठं हाये इले?"

"खाली खन धरतो मी. तू वरून भर."

त्यांनी कुंकू लावलं आणि ओटी भरली. अर्धी खणात पडली, अर्धी टर्बोच्या तोंडात गेली. इवाई जराही घाबरले नाहीत. चिमटा आणून त्यांनी तांदळाचा दाणा न् दाणा वेचून काढला, सुपारी काढली, फुंकर मारली, कान लावला. मग पाइप लावला आणि जावयानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. जावयानं एक्सिलेटर दाबला तशी बारीक शिट्टी निघाली, अगदी नव्या ट्रकांसारखी. माझ्या लेकीनं हात जोडले. ईनबाईंनीसुद्धा जोडले. आणि तेवढ्यात आत कुठंतरी लपून बसलेलं हळकुंड चक्करावर गेलं.

आवाज असा आला की चार घरांपलीकडची माणसं धावत आली. ईनबाई अजून सांगतात की सायलेन्सरातून पिवळा धूर आला आणि अंगणात भाजक्या हळदीचा वास पसरला. मी धूर पाहिला नाही, पण वासाबद्दल त्यांच्याशी वाद घालणार नाही. टर्बो उघडली तर चक्कराच्या पात्या उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारख्या झाल्या होत्या. सगळे इवायांकडं पाहत होते. त्यांनी ते चक्कर तळहातावर घेतलं. "ओटी भरली थे बरोबरच केलं," ते म्हणाले. "काढताना हळकुंड राह्यलं थे चुकलं."

जावई भला माणूस, हसला नाही. म्हणाला, "बा, आता दुसरी आनली त तिची ओटी दुरूनच भरा."

आम्ही परत नागपूरला गेलो. दुकानात लहान टर्बो एकही उरली नव्हती. पुढच्या खेपेला या, दुकानदार म्हणाला. पण शेतात बोंडं फुटायला लागली होती, आणि शर्त कापसापर्यंतचीच होती. इवाई त्या डंपरवरच्या थोराड टर्बोसमोर बराच वेळ उभे राहिले. मग काही न तपासता उचलली. येताना ती मांडीवर घेतली नाही, सीटखाली ठेवली.

ती बसली, ओटी दुरून भरली गेली, आणि मग सुरू झालं ते जुळवणं. इंजिनाला डिझेल किती द्यायचं याचा एक स्क्रू पंपावर असतो. जास्त डिझेल दिलं तर धूर जास्त, धूर जास्त तर टर्बो लवकर उठते. पण जास्त झालं तर इंजिन आतून तापतं. म्हणून स्क्रू फिरवायचा नखभर, आणि धूर पाहायचा. धुराचा रंग डोळ्यांना फसवतो, असं इवायांचं म्हणणं. ते धोतराचं टोक ओलं करून सायलेन्सरासमोर धरत आणि कापडावरचा डाग वाचत. काळाकुट्ट म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. भुरका म्हणजे जमलं. त्या महिन्यात त्यांच्या एकूण एक धोतराला डाग पडले. तीच धोतरं नेसून ते जैनथच्या बाजारात फिरत आणि कोणी विचारलं की डाग दाखवून सांगत, हा सोमवारचा, हा कालचा. आमच्याकडं कोणाही वयस्क शेतकऱ्याला पटेल म्हणतात; त्यांना लोक टर्बो पटेल म्हणायला लागले. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट ईनबाईंनी एक धोतर सोड्यानं धुऊन काढलं तेव्हा ते दिवसभर बोलले नाहीत.

टर्बोची म्हणून एक शिस्त असते. गाडी तापून आली की इंजिन लगेच बंद करायचं नाही, थोडा वेळ हळू चालू ठेवायचं, नाहीतर आतलं तेल जळतं. हा नियम इवायांनी सगळ्या घराला लावला. मी उन्हातून गेलो की मला बसू देत नसत, अंगणात दोन चकरा मारायला लावत. ईनबाई एकदा कशावरून तरी त्यांच्यावर तापल्या, आणि माझ्याकडं लक्ष जाताच लाजून गप्प झाल्या, तर हे कळवळून म्हणाले, "एकदम बंद नको करू! आस्ते आस्ते कमी कर." त्यावर त्या ज्या पुन्हा सुरू झाल्या त्या जेवणापर्यंत.

पण म्हातारी काही जमेना. टर्बो उशिरा उठे, अगदी त्यांनी सांगितलं होतं तसंच. रोज थोडं डिझेल वाढे. धोतरावरचे डाग भुरक्याचे काळे होत चालले. मी एकदा म्हटलं, "इवाई, काऊन सारखं पाजून राह्यले तिले?"

"थे उठत नाई न. उठवाले लागते."

"आन् म्हातारीचं?"

त्यांनी पेचकस पुसला आणि खिशात ठेवला. "म्हातारी सोसून घेईन," म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी इंजिनाला कान लावला नाही, हे मी पाहिलं.

कापसाआधीची शेवटची खेप आली. निर्मलच्या खालून सिमेंट भरलं. जावई चालवायला, मधे इवाई, खिडकीशी मी, पंच म्हणून. घाट सुरू झाला तशी म्हातारी नेहमीसारखी कण्हायला लागली. दुसरा गेअर थरथरायला लागला. जावयाचा हात गेअरच्या दांड्यावर गेला, आणि मी सरळ समोर पाहत राहिलो. पंचानं बाजू घेऊ नये, पण मी मनात तिला ढकलत होतो, हे सांगायला मला लाज नाही. आणि एकदम खालून शिट्टी उठली. आधी बारीक, मग भरदार. म्हातारीनं अंग झाडलं आणि निघाली. जावयानं दांड्यावरचा हात काढून घेतला. पहिल्याच वळणावर आम्ही एका नव्या ट्रकाला मागं टाकलं. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि तेलुगूत ओरडला, "एम् पेट्टिनव् पटेला?" काय बसवलंस म्हणून.

"कोडलु!" इवाई ओरडले. सून. आणि मी त्यांना एवढं मोठ्यानं हसताना पुन्हा कधी ऐकलं नाही.

माथ्यावर पोचलो. जावयानं गाडी बाजूला घेतली, इंजिन हळू चालू ठेवलं, खाली उतरला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "बा, हारलो मी! राह्यली तुमची म्हातारी!" त्याला खरंच आनंद झाला होता. मीही निकाल सांगून टाकला. इवाई पुढं गेले, इंजिनाचं झाकण उघडलं. धुराचा पाइप निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. त्यांनी तेलाचं बूच काढलं आणि त्या भोकावर तळहात धरला. आतून गरम वाफ भक् भक् करून हातावर येत होती. पिस्टन आतून झिजला होता; जे वरच्या वर जळायचं ते त्याच्या कडेनं खाली तेलात उतरत होतं. बराच वेळ त्यांनी हात तसाच धरून ठेवला, आजाऱ्याच्या तोंडाशी धरतात तसा. मग बूच लावलं आणि कठड्यावर जाऊन बसले. जावयानं चहा आणला. चहा तसाच निवला.

"विकून टाक," ते म्हणाले.

जावयाला वाटलं, थट्टा. "बा, जिंकले न तुमी! आता काऊन?"

"थे चढली नाई रे. म्या चढवली तिले." त्यांनी हात धोतराला पुसला. "आखीन थोड्या खेपा केल्या त पिष्टन फुटंन. लहान टर्बो असती त हसत आली असती. हिनं तिचा जीव काढला. भंगारात नाई द्याची. जिती हाये तोवर जिती देऊ."

मला राग आला. मी म्हटलं, "शर्त झाली, ती जिंकली, गाडी घरात राहील असं मी बोललो. आता मागं कसं घेता?" ते माझ्याकडं पाहून जरा हसले. "तुमचा शब्द राह्यला, इवाई. गाडी माही हाये."

पुढच्या आठवड्यात त्यांनी टर्बो काढली, स्क्रू जिथं पहिल्यापासून होता तिथं आणला, आणि तामसीच्या एका ओळखीच्या माणसाला म्हातारी दिली. त्याला गावातल्या गावात, सपाटीवरच माल न्यायचा होता. नेऊन द्यायला आम्ही दोघंच गेलो. चालवली त्यांनीच, सबंध वाट तिसऱ्या गेअरात, सावकाश. तिथं पोचल्यावर त्या माणसाला तेल कुठलं घालायचं ते सांगितलं, पाणी कुठं गळतं ते दाखवलं, आणि आणखी काही सांगायचं राहिलं का म्हणून थोडं थांबले. काही राहिलं नव्हतं.

येताना बसनं आलो. तामसी मागं पडायच्या आत त्यांचा डोळा लागला आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. इवायानं इवायाच्या खांद्यावर डोकं टेकावं असा आमच्यात रिवाज नाही. आम्ही एकमेकांसमोर टोपीसुद्धा काढत नाही. मी अंग न हलवता ताठ बसून राहिलो. आदिलाबादचा स्टँड आला, माणसं उतरली, बस रिकामी झाली. कंडक्टर जवळ आला आणि म्हणाला, "पटेल, उतरा न आता, गाडी डेपोत जाते."

मी म्हटलं, "जरा थांब बाप्पा. आमचे इवाई झोपले हायेत."